लॅपटॉपचं वायफाय तुटतंय, पण नेमकं कुठे ते आधी बघा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात कुठला प्लॅन स्वस्त पडतो, लॅपटॉप घेताना रॅम किती बघायची, नवीन फोन कुठला आला असं सगळं येतं आणि मी ते वाचतोही. पण घरोघरी ज्यावरून रोज वैताग चाललाय त्यावर कुणी नीट लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही, ते म्हणजे लॅपटॉपचं वायफाय मधेच जाणं. नेट पूर्ण बंद असतं असंही नाही, फोनवर व्हिडिओ मस्त चालू असतो आणि त्याच टेबलावर लॅपटॉपवर मीटिंगमधला माणूस तोंड उघडं ठेवून अडकलेला असतो, थोड्या वेळाने आपोआप येतं, परत जातं. मग घरात एकच वाक्य, नेट गेलं. आणि तिथून पुढे पैसे जायला सुरुवात होते.

मी हिंजवडीत एका कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला आहे, राहायला कर्वेनगरला. ऑफिसात दिवसभर हेच काम आणि घरी आलो की सोसायटीतलं कुणीतरी लॅपटॉप घेऊन दारात उभं, त्यामुळे हा प्रकार मी ऑफिसातही बघतो आणि घरातही. माझं म्हणणं एवढंच आहे की बिघाड कुठे आहे हे कुणी न तपासताच लोकांना खर्चात पाडलं जातंय. कनेक्शनवाला म्हणतो मोठा प्लॅन घ्या, दुकानवाला म्हणतो राउटर बदला, राउटर बदलून झाला की म्हणतात लॅपटॉपच जुना झालाय. यांच्यापैकी एकाने जरी पाच मिनिटं काढून तपासलं असतं तर बऱ्याच वेळा एक रुपयाही लागला नसता.

तपासायचं काय तर नेट आपल्यापर्यंत येतं ते दोन टप्प्यांत. बाहेरून फायबर येते ती घरातल्या डब्यापर्यंत म्हणजे राउटरपर्यंत, हा एक टप्पा. डब्यापासून हवेतून लॅपटॉपपर्यंत, हा दुसरा. वायफाय म्हणजे फक्त हा दुसरा टप्पा, पण आपण दोन्हीला एकाच नावाने हाक मारतो आणि तिथेच घोळ होतो. आधी डब्यावरचे दिवे बघा. एलओएस नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर बाहेरून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाहीये, रस्ता खोदताना कुठेतरी वायर तुटली असेल नाहीतर झाडावरून लोंबणारी केबल फांदीबरोबर आली असेल, अशा वेळी लॅपटॉपची एकही सेटिंग हलवू नका, सरळ तक्रार नोंदवा.

दिवे ठीक आहेत आणि तरी तुटतंय तर मग पिंग, म्हणजे समोरच्या यंत्राला हाक मारायची आणि उत्तर किती वेळात येतं ते बघायचं. हे कुणालाही जमतं, कम्प्युटरवाला लागत नाही. विंडोजवर सर्चमध्ये सीएमडी टाइप केलं की काळी खिडकी उघडते, तिथे आधी आयपीकॉन्फिग टाकून डिफॉल्ट गेटवे समोरचा आकडा बघायचा, तो तुमच्या राउटरचा घरातला पत्ता, बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होतो. मग पिंग, तो पत्ता, आणि शेवटी डॅश टी, म्हणजे ते थांबवेपर्यंत चालत राहतं. शेजारी दुसरी काळी खिडकी उघडून तिच्यात ८.८.८.८ ला तसंच पिंग लावायचं, हा गूगलचा बाहेरचा सर्व्हर. दोन्ही चालू ठेवून आपलं काम करत बसायचं. नेट तुटलं की बघायचं कुठली खिडकी अडखळली. राउटरवालीच अडखळत असेल, म्हणजे रिक्वेस्ट टाइम्ड आउट यायला लागलं किंवा एरवी दोन-पाच मिलिसेकंद येणारा आकडा एकदम चारशे-पाचशेवर गेला, तर भानगड तुमच्या घरात हवेतल्या टप्प्यात आहे, प्लॅन १००चा ३०० करून काहीही होणार नाही. राउटरवाली खिडकी शांतपणे चाललीय आणि फक्त बाहेरची तुटतेय, तर लॅपटॉपचा काही दोष नाही, कनेक्शनवाल्याला बोलवा आणि तो आला की ही दोन्ही खिडक्यांची चित्रं त्याच्यासमोर धरा, मग राउटर रीस्टार्ट करून बघा हे उत्तर तो देऊ शकत नाही.

अजून एक सोपी परीक्षा, फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडायचा आणि फोन हातभर अंतरावर ठेवायचा. तिथेही लॅपटॉप सारखा सुटत असेल तर संशय लॅपटॉपवर. तिथे तासभर बिनघोर चालला तर संशय राउटरवर किंवा तो जिथे ठेवलाय त्या जागेवर. एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

लॅपटॉपवर संशय आला तर पहिली गोष्ट वीज वाचवण्याची सेटिंग, कारण माझ्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये हे फार सापडतं. चार्जर लावलेला असताना ठीक, बॅटरीवर घेतला की वायफाय जातं, किंवा झाकण मिटून परत उघडलं की वायफाय दिसतच नाही, रीस्टार्ट केलं की येतं, ही त्याची खूण. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन नेटवर्क अडॅप्टर्स उघडायचं, वायफाय कार्डाच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट, आणि वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करायची परवानगी असं जे टिक असतं ते काढून टाकायचं. काही नवीन लॅपटॉपवर ही पॉवर मॅनेजमेंटची टॅब दिसतच नाही, कारण ते मॉडर्न स्टँडबाय नावाच्या पद्धतीने झोपतात, तिथे मग शेजारच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये बघावं लागतं आणि प्रत्येक कंपनीच्या कार्डाची तिथली यादी वेगळी. त्याच यादीत रोमिंग ॲग्रेसिव्हनेस असतं, घरात एकच राउटर असेल आणि लॅपटॉप उगाच दुसरं नेटवर्क शोधत बसत असेल तर ते कमी करून बघायला हरकत नाही.

ड्रायव्हरचं, म्हणजे वायफाय कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं म्हणाल तर विंडोज अपडेटनंतर दुसऱ्या दिवसापासून त्रास सुरू झाला असेल तर तिथेच ड्रायव्हर टॅबमध्ये रोल बॅक आहे, ते बटण पुसट दिसत असेल तर मागचा ड्रायव्हर शिल्लक नाही असं समजायचं आणि लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचाच ड्रायव्हर घ्यायचा. ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करून देतो म्हणणारी जी फुकट सॉफ्टवेअर्स असतात ती कृपया घालू नका, त्यांनी घातलेला कचरा काढण्यात माझा जास्त वेळ जातो. नेटवर्क रीसेट हा उपाय सगळीकडे सांगतात, चालतोही, पण त्याने लॅपटॉपमध्ये साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं व्हीपीएन असेल तर तेही पुसलं जातं, तेव्हा आधी पासवर्ड कागदावर लिहून घ्या. शुक्रवारी संध्याकाळी घरून काम करणाऱ्या माणसाने व्हीपीएन उडवून बसणं म्हणजे सोमवारपर्यंत काम बंद.

विंडोजमध्ये एक फार उपयोगी रिपोर्ट दडलेला आहे तो लोकांना माहीतच नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून काळी खिडकी उघडून नेटएसएच, स्पेस, डब्ल्यूलॅन, स्पेस, शो, स्पेस, डब्ल्यूलॅनरिपोर्ट असं टाकलं की गेल्या ३ दिवसांत वायफाय कधी जोडलं गेलं, कधी सुटलं आणि का सुटलं याचा तक्ता ब्राउझरमध्ये उघडता येतो. सुटलं तिथे लाल गोल असतो. ड्रायव्हरने सोडलं, लॅपटॉप झोपला म्हणून सुटलं, की राउटरने बाहेर काढलं हे बरंचसं त्यात कळतं. दुकानात लॅपटॉप नेताना हा रिपोर्ट बरोबर न्यायला पाहिजे, डॉक्टरकडे जुने रिपोर्ट नेतो तसा, म्हणजे समोरच्याला अंदाजपंचे बोलता येणार नाही.

आता एक प्रकार जरा सविस्तर सांगतो, कारण तो बघून मला खरंच राग आला होता. आमच्या मजल्यावरच्या काकूंची मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, तिच्या लॅपटॉपची स्क्रीन फुटली म्हणून शहरातल्या एका दुकानातून बदलून आणली. स्क्रीन छान बसवलेली. पण तेव्हापासून लॅपटॉप हॉलमध्ये राउटरजवळ चालायचा आणि आतल्या खोलीत नेला की सुटायचा. दुकानात विचारलं तर म्हणाले स्क्रीनचा आणि वायफायचा काय संबंध, राउटर बघा. कनेक्शनवाल्याच्या माणसाने येऊन सांगितलं राउटर उत्तम आहे, लॅपटॉपचं वय झालं. मधल्या मधे काकूंनी रेंज वाढवायचा डबा विकत घेतला, त्याने फोनला रेंज आली, लॅपटॉप होता तिथेच.

संबंध असतो, आणि चांगला जवळचा असतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफायच्या अँटेना वरच्या झाकणात स्क्रीनच्या कडेने बसवलेल्या असतात, तिथून दोन बारीक वायरी बिजागरीतून खाली उतरतात आणि मदरबोर्डवरच्या वायफाय कार्डाला लागतात. स्क्रीन बदलताना झाकण सोडवायचं म्हणजे या वायरी काढून परत लावाव्या लागतात. मी लॅपटॉप पूर्ण बंद केला, मागचं कव्हर उघडलं, आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. कार्ड २२ बाय ३० मिलिमीटरचं, एका स्क्रूने धरलेलं, त्याच्या टोकाला सोनेरी रंगाचे दोन इवले गोल. एका गोलावर काळी वायर घट्ट बसलेली. दुसरा गोल उघडा, आणि त्याच्यावर यायची पांढरी वायर काळ्या टेपखाली दुमडून ठेवलेली. नुसती सुटलेली नव्हती, दुमडून टेपखाली दाबलेली होती, म्हणजे बसवताना बसली नाही म्हणून तशीच ठेवून कव्हर लावलं. टेप काढली, वायरीचं टोक गोलावर बरोबर मधोमध धरून नखाने सरळ खाली दाबलं, टिक असा बारीक आवाज आला. तिरकं दाबलं तर ते टोक चेपतं आणि मग अख्खी वायर बदलावी लागते, म्हणून हे काम घाईत करायचं नसतं. आतल्या खोलीत सिग्नल ३८ टक्के दाखवत होता तो ८० च्या वर गेला. त्या मुलीचा फॉर्म भरायचा होता, ओळीने मुलाखती होत्या, आणि एवढे दिवस ती रात्री सगळे झोपल्यावर हॉलमध्ये बसून अभ्यास करत होती.

झाकणाचा कोन बदलला की नेट येतं-जातं असं कुणी सांगितलं की मी आधी बिजागरी बघतो, तिथे वायर चेमटते किंवा आतून तुटते. वॉरंटी असेल तर स्वतः उघडू नका, सर्व्हिस सेंटरला द्या, पण देताना अँटेनाच्या दोन्ही वायरी तपासा असं स्पष्ट सांगा आणि पावतीवर लिहून घ्या.

कार्डच गेलं असेल तरी लॅपटॉप टाकायची गरज नसते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये हे कार्ड निघतं आणि दुसरं बसतं, तापकीर गल्लीत किंवा ऑनलाइन मिळतं, नव्या लॅपटॉपच्या मानाने खर्च अगदी किरकोळ. मात्र घेताना बघून घ्या. इंटेलची एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं फक्त ठरावीक इंटेल प्रोसेसरच्या मशीनमध्येच चालतात कारण त्यांचा अर्धा भाग प्रोसेसरच्या बाजूला असतो, एएक्स२००, एएक्स२१० ही स्वतंत्र चालतात. दिसायला जवळपास सारखी, त्यामुळे लोक फसतात. काही पातळ लॅपटॉपमध्ये कार्ड बोर्डावरच डाखलेलं असतं, तिथे यूएसबीचं वायफाय डोंगल हाच मार्ग, आणि तेही वाईट नाही.

यूएसबीवरून आठवलं, यूएसबी ३ चे पोर्ट, हार्ड डिस्क आणि स्वस्तातल्या वायरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतात. ही कुणी उठवलेली आवई नाही, इंटेलनेच २०१२ मध्ये यावर मोजमाप करून पेपर काढला होता. बॅकअपची हार्ड डिस्क लावली की वायफाय रेंगाळतं, काढली की ठीक, असं होत असेल तर डिस्क लांब वायरीने दूर ठेवा आणि वायफाय ५ गिगाहर्ट्झवर घ्या. डोंगल असेल तर तेही छोट्या एक्स्टेन्शन वायरीने बाजूला काढा. वायरलेस माउस अडखळणं हाही याचाच भाऊ.

आता हवेतली गर्दी. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ पासून बिनपरवाना खुला आहे, वायफाय, ब्लूटूथ, वायरलेस माउस, शेजारच्या किचनमधला २.४५ गिगाहर्ट्झवर चालणारा मायक्रोवेव्ह, सगळे त्यातच. चॅनल म्हणायला १३, पण ते ५-५ मेगाहर्ट्झवर आखलेले आणि एकेक राउटर घेतो २० मेगाहर्ट्झ, त्यामुळे एकमेकांवर न चढणारे असे तीनच, १, ६ आणि ११. एका इमारतीत चाळीस-पन्नास फ्लॅट, प्रत्येकात राउटर, कुणाचा ३ वर, कुणाचा ४ वर, कुणाचा ८ वर. विसर्जन मिरवणुकीत दोन पथकं अगदी लागून आली की कुठल्याच पथकाचा ठेका नीट ऐकू येत नाही, तसं या चॅनलचं होतं. वर काही राउटर २.४ वर ४० मेगाहर्ट्झ रुंदी घेऊन बसतात, स्पीड जास्त दिसतो म्हणून, आणि शेजारच्या चार घरांचं वाट्टोळं करतात. ब्राउझरमध्ये मघाचाच गेटवेचा पत्ता टाकला की राउटरचं सेटिंगचं पान उघडतं, तिथे २.४ ची रुंदी २० वर आणि चॅनल १, ६, ११ पैकी जो मोकळा असेल तो, एवढं करायला पाच मिनिटं लागतात. आजूबाजूला कोण कुठल्या चॅनलवर आहे हे दाखवणारी ॲप अँड्रॉइडवर फुकट मिळतात.

आपल्या जिल्ह्यातच नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण, तिच्यासाठी जागा निवडताना माणसांनी केलेला रेडिओ गोंगाट तिथे कमी आहे हेही पाहिलं गेलं होतं. क्षीण सिग्नल ऐकायचा तर आधी गोंगाट कमी करायचा, हा त्या लोकांचा पहिला नियम. आणि वायफायमध्ये आज वापरतात त्यातलं एक महत्त्वाचं तंत्रही ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ खगोलशास्त्राची पार्श्वभूमी असलेल्या संशोधकांच्या कामातूनच १९९० च्या दशकात निघालं. आपण सोसायट्यांमध्ये याच्या बरोब्बर उलटं करतोय, ऐकू येत नाही म्हणून प्रत्येक जण अजून एक डबा लावतो, गोंगाट अजून वाढतो आणि परत कुणालाच ऐकू येत नाही.

५ गिगाहर्ट्झ तुलनेने मोकळा आहे, २०१८ मध्ये सरकारने तिथे बराच मोठा पट्टा खुला केला, पण तो भिंती फार पार करत नाही. एका खोलीत असाल तर ५ वरच राहा. दोन भिंती पलीकडे असाल तर २.४ बरा. गंमत नाही, खरा त्रास होतो तो दोन्हींना एकच नाव दिलेलं असतं तिथे, लॅपटॉप मधल्या जागेत बसून इकडून तिकडे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला कॉल तुटतो. दोन्हींना वेगवेगळी नावं देऊन दोन दिवस बघा. अजून एक, ५ वर चॅनल ५२ ते १४४ हा भाग रडारबरोबर वाटून घेतलेला असतो, बऱ्याच राउटरना तिथे रडारसारखं काही ऐकू आलं की लगेच चॅनल सोडावा लागतो, आपल्याला वाटतं वायफाय आपोआप गेलं. ३६ ते ४८ मध्ये ठेवला की हा प्रश्न येत नाही. आणि लॅपटॉप जुना असेल आणि राउटर नवा आल्यापासून जोडलाच जात नसेल, तर राउटरच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ (वायफाय सुरक्षेची जुनी आणि नवी पद्धत) मिक्स आहे का बघा, तो नुसता डब्ल्यूपीए२ वर ठेवला की पुष्कळ जुनी मशीन निमूट जोडली जातात.

जागेचं तर काय सांगावं. कनेक्शन द्यायला येणारा मुलगा दारातून आत येतो, वायर जिथे संपते तिथे डबा लावतो आणि निघून जातो. त्यामुळे राउटर कुठे असतात तर चपलांच्या कपाटात, टीव्हीच्या मागे, माळ्यावर, फ्रीजवर. लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची टाकी यांच्यातून सिग्नल नीट जात नाही. पेठांमधल्या वाड्यांची जाड दगडामातीची भिंत तर एकच पुरे. आणि बंद कपाटात डबा तापून दुपारी हँग होतो तेही वेगळंच. शक्य असेल तर घराच्या मध्यावर, खांद्याच्या उंचीवर, उघड्यावर. तेवढी वायर लावून घ्यायचा आग्रह धरा, पहिल्या दिवशीच धरा, नंतर कुणी येत नाही. राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर दोन-तीन वर्षांनी कमजोर झाला की राउटर मधूनच स्वतः रीस्टार्ट होतो, तेही दिव्यांवरून कळतं, सगळे दिवे एकदम जाऊन परत आले तर अडॅप्टर बघा. आणि आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालू आणि राउटर बंद, असं होतं, त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, घरून काम करणाऱ्याने तो घ्यावाच.

मला सगळ्यात जास्त कळवळा येतो तो सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून अभ्यास करणाऱ्या पोरांचा. गावाकडून आलेला, जुना लॅपटॉप, विंडोज १० वर, ज्याचा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, अभ्यासिकेत एका राउटरवर सगळी खोली. तिथे लॅपटॉपमध्ये काही बिघडलेलं नसतं, वायफायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो म्हणून सगळ्यांची रांग लागते. त्या पोराला कुणीतरी दुकानात सांगतं की लॅपटॉप बदल, आणि तो घरी फोन करून पैसे मागतो. हे थांबायला पाहिजे. अभ्यासिका चालवणाऱ्यांनी फी घेताना वायफाय फ्री असं पाटीवर लिहिता, तर खोलीच्या मानाने दोन-तीन ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारे डबे, वायरने जोडून लावा, वेगवेगळ्या चॅनलवर, आणि काही टेबलांवर साधी लॅनची वायर ठेवा. वायर कधी सुटत नाही.

आता माझी मागणी. कनेक्शन देणाऱ्या कंपन्यांनी घरी येणाऱ्या माणसाला एवढं बंधन घालावं की लॅपटॉप ज्या खोलीत वापरतात त्या खोलीत सिग्नल मोजायचा आणि आकडा जोडणीच्या कागदावर लिहायचा. हा आकडा डीबीएममध्ये येतो, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला, उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला असेल तर व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० च्या घरात असेल तर तिथे चालणार नाही हे त्याच दिवशी ग्राहकाला सांगायचं. लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या दुकानदारांनी, स्क्रीन असो की बिजागरी, झाकण उघडलं की देताना ग्राहकासमोर वायफाय लावून दाखवायचं, राउटरपासून दहा-बारा पावलं लांब जाऊन. यात कुणाचाही फार वेळ जात नाही. सोसायटीच्या कमिट्यांना विनंती की नवीन रंगकाम, डक्टचं काम निघेल तेव्हा प्रत्येक फ्लॅटमध्ये हॉलपासून आतल्या खोलीपर्यंत एक रिकामा पाइप टाकून घ्या, आणि मजल्यावरच्या चार घरांनी बसून चॅनल वाटून घ्या, १, ६, ११, चौथ्याने ५ गिगाहर्ट्झवर राहावं. आमच्या मजल्यावर आम्ही ते केलंय, भांडण झालं नाही.

आणि आपल्याला एक विनंती. वर दिलेल्या कमांड मी मराठी अक्षरात लिहिल्यात पण टाइप इंग्रजीत कराव्या लागतात, पत्र छापलंत तर शेजारी छोट्या चौकटीत त्या इंग्रजी अक्षरांत द्याल तर बरं होईल, लोक कात्रण कापून राउटरवर चिकटवतील. फॉर्मची शेवटची तारीख असेल त्या दिवशी मात्र यातलं काहीच करत बसू नका, फोन यूएसबीच्या वायरीने लॅपटॉपला जोडा, टेदरिंग (फोनचं नेट लॅपटॉपला देणारी सेटिंग) चालू करा आणि फॉर्म भरून टाका, वायफायचं दुसऱ्या दिवशी बघता येतं.

आपला,
एक नियमित वाचक
कर्वेनगर, पुणे